हालोल, सावली की मकरपुरा? परदेशी कंपनी इथे का आली, ते आधी विचारा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या घरांत मुलाचा आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की दोनच गोष्टी विचारतात: पगार किती आणि कंपनीची बस येते का. माझा आग्रह तिसऱ्या प्रश्नाचा आहे. कंपनी आपला माल इथे का बनवते? नोकरी किती टिकेल, हे बरंचसं त्यावर ठरतं.

नुसत्या स्वस्त मजुरीसाठी आलेलं काम, उदाहरणार्थ कपडे शिवण्याचं, आज इथे तर उद्या बांगलादेशात जातं. बडोद्याच्या आसपासचे मोठे परदेशी कारखाने त्यातले नाहीत.

हालोलला मोटारी बनतात. तयार गाडी बाहेरून आणली तर जबर आयातशुल्क पडतं, म्हणून भारतात विकायची गाडी भारतात बनवणं परवडतं. पण मग सगळा भार इथल्या गिऱ्हाइकावर. जनरल मोटर्सची ओपेल ॲस्ट्रा १९९६ साली हालोलहून निघू लागली. विक्री जमेना, तेव्हा २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि हा कारखाना बंद केला. तो एमजी या मोटार कंपनीने घेतला, २०१९ मध्ये तिथून हेक्टर बाहेर पडली. इमारतीला नवा मालक मिळाला. मधल्या काळात घर कसं चालवायचं, हा प्रश्न कामगाराचा असतो.

सावलीचं गणित वेगळं आहे. तिथे मेट्रोचे डबे बनतात. ते सरकारी संस्था घेतात, त्यांना ते देशात बनलेले हवे असतात आणि एकेक ऑर्डर वर्षानुवर्षं चालते. २००८ मध्ये बॉम्बार्डिएने सुरू केलेला कारखाना २०२१ मध्ये आल्स्टॉमकडे गेला, काम चालू राहिलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या ७५ रेल्वेगाड्याही इथेच बनल्या. म्हणजे स्वस्त मजुरीच्या जोडीला हातातलं कसबही कंपनीला बांधून ठेवतं. टाटा-एअरबसच्या सी-२९५ या लष्करी वाहतुकीच्या विमानांमागेही सरकारी खरेदीच आहे: ५६ पैकी ४० बडोद्यात बनवायची ठरली.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये पगार कमी. पण लेथ, ड्रॉइंग, मोजमाप, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं अंगावर पडतं. मोठ्या लाइनवर एकाच स्टेशनवर वर्षं जाऊ शकतात.

फिटर-वेल्डर मुलाला मी आधी मकरपुरा, मग सावली सांगेन. हालोलचा पगार खरंच चांगला असेल तर जावं, मात्र सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराकडे, आणि ट्रेनिंगनंतर कायम कधी करणार.