फ्रान्स्वा केव्होर्कियनचे रिमिक्स : कोणती आवृत्ती घ्यावी, कशी वाजवावी

डीजे आणि रिमिक्सकार फ्रान्स्वा केव्होर्कियन मुळात ड्रमर. १९७५ मध्ये तो फ्रान्सहून न्यूयॉर्कला आला आणि गॅलॅक्सी २१ या क्लबमध्ये डीजे वॉल्टर गिबन्स रेकॉर्ड वाजवत असताना सोबत ड्रम वाजवायचं काम त्याला मिळालं. त्याचे रिमिक्स ऐकताना हे सतत जाणवतं. गाण्यावर नवे थर चढवण्यापेक्षा तो असलेले थर काढत जातो. आधी कीबोर्ड जातो, मग गायिका, आणि उरलेल्या किक ड्रम आणि बेसवर डान्स फ्लोअर हलतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे व्हिन्स क्लार्क आणि गायिका अ‍ॅलिसन मॉये या ब्रिटिश जोडीचं, म्हणजे याझूचं 'सिच्युएशन'. ब्रिटनमध्ये हे गाणं सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. अमेरिकेत १९८२ मध्ये केव्होर्कियनने केलेला त्याचा रिमिक्स बिलबोर्डच्या डान्स यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. व्हिन्स क्लार्कचा सिंथ यंत्राच्या ठेक्यावर चालतो, त्यामुळे टेम्पो डगमगत नाही आणि नवशिक्या डीजेलाही ही रेकॉर्ड दुसऱ्या गाण्याच्या ठेक्याशी जुळवता येते. एक्स्टेंडेड (लांबवलेली) आणि डब (बराचसा आवाज गाळून इकोने भरलेली) या दोन्ही आवृत्त्या घ्या. डबमध्ये अ‍ॅलिसन मॉयेचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, म्हणून दुसऱ्या गाण्यातून बाहेर पडायला तीच आवृत्ती सोयीची. त्यावर मिक्सरचा इको मात्र लावू नका. रेकॉर्डमधला इको गाण्याच्या तालात बसवलेला असतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) एक बीट ५०० मिलिसेकंदांचा. तुमचा इको त्यापासून थोडा जरी सरकला, तरी सगळं चिखल होतं.

म्युझिक या डिस्को गटाचं १९७८ चं 'इन द बुश', ज्याचा रिमिक्सही त्याचाच, याच्या अगदी उलट. ड्रम माणसाने वाजवलेले, त्यामुळे ठेका किंचित पुढे-मागे होतो. डीजे सॉफ्टवेअर सुरुवातीच्या काही बीट्सवरून सरळ ग्रिड (बीट्सच्या समान अंतराच्या खुणा) आखतं आणि दोन-तीन मिनिटांत गाणं ग्रिडमधून निसटतं. सिंक (आपोआप ठेका जुळवणं) बंद करून हाताने सावरा, नाहीतर दर १६ बारला (एक बार म्हणजे चार बीट) ग्रिड नव्याने बसवा. एवढी मेहनत या रेकॉर्डसाठी नक्की करावी.

क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक गटाच्या 'तूर द फ्रान्स'चा त्याने केलेला १९८४ चा रिमिक्स जोमदार आहे. श्वासाचे आवाजच तालवाद्याचं काम करतात, म्हणून मिक्स करताना मिक्सरच्या ईक्यूने वरच्या पट्टीचे आवाज कापू नका.

डेपेश मोड या बँडसाठी त्याने केलेलं काम मोठं आहे, पण सरसकट घेण्याजोगं नाही. 'पर्सनल जीझस'चा पंप मिक्स फ्लोअरसाठी भक्कम. त्याच गाण्याच्या बाकीच्या लांब आवृत्त्या घरी ऐकायला छान असल्या, तरी सेटमध्ये जोर हरवतात. त्यांचा १९९० चा 'व्हायोलेटर' अल्बमही त्यानेच मिक्स केला, फक्त 'एन्जॉय द सायलेन्स' सोडून. ते डॅनिएल मिलर आणि फिल लेग यांचं.

खरेदी करताना ट्वेल्व-इंच सिंगललाच (एकाच गाण्याच्या आवृत्त्यांची बारा इंची तबकडी) प्राधान्य द्या. संकलनाच्या एलपीवर एका बाजूला २० मिनिटांहून जास्त गाणी कोंबली की खाचा अरुंद होतात, बेस आणि पातळी दोन्ही कमी करावी लागतात. डिजिटल फाइल घेताना गाण्याची लांबी तपासा. साडेतीन-चार मिनिटांची असेल तर ती बहुधा रेडिओसाठी कापलेली आवृत्ती, आणि मिक्स करायला लागणारा मधला ब्रेकच तिच्यात नसतो.