जावास्क्रिप्ट शिकायचं: पुस्तकातून की व्हिडिओतून?

ब्राउझरमध्ये चालणारा कोड शिकायचाय, तर जाडजूड पुस्तक घेऊ की व्हिडिओ मालिका लावू, असं एका मैत्रिणीने विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय.

पुस्तकं लवकर जुनी होतात म्हणतात. अर्धंच खरं. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीत लेट, कॉन्स्ट (व्हेरिएबल, म्हणजे माहिती साठवणारं नाव, जाहीर करायचे नवे शब्द), अ‍ॅरो फंक्शन (फंक्शन लिहायची छोटी पद्धत) आणि प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तरासाठीची सोय) आले, २०१७ मध्ये प्रॉमिस वापरणं सोपं करणारं असिंक-अवेट. त्याआधीचं पुस्तक असेल तर सरळ बाजूला ठेव. पण क्लोजर (फंक्शनने भोवतालची व्हेरिएबल्स लक्षात ठेवणं), इव्हेंट बबलिंग (क्लिकसारखी घटना आतल्या घटकाकडून बाहेरच्यांकडे जाणं), इव्हेंट लूप (रांगेतली कामं एकेक करून चालवणारी यंत्रणा) तेव्हा होते तसेच आहेत, आणि लेटच्या आधीचा व्हार आजही चालतो. उलट फ्रेमवर्कची (कोडच्या तयार सांगाड्याची) नवी आवृत्ती आली की त्यावरचा व्हिडिओ शिळा.

मेहनत पुस्तकात जास्त. कोड स्वतः टाइप करायचा, चुकायचा, कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) लाल झाला की कंस मोजत बसायचं. व्हिडिओत सगळं पहिल्या फटक्यात चालतं आणि आपल्यालाही आलं असं वाटतं! ठरावीक वेळाने कोड चालवणाऱ्या सेट-टाइमआउटला शून्य वेळ दिला तरी तो कोड नंतर का चालतो, हे मी तीनदा पाहून विसरलो. पुस्तकातली इव्हेंट लूपच्या रांगेची आकृती कागदावर काढली तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवायची खूण) लावून कोड एकेक ओळ पुढे नेणं मात्र पाहूनच पटकन कळतं. छापील स्क्रीनशॉट तिथे निरुपयोगी. खर्चात फारसा फरक नाही, दोन्हीकडे फुकट पर्याय आहेत.

कोड कधीच लिहिला नसेल किंवा आठवड्यात एखादं पान उभं करायचं असेल, तर व्हिडिओ. कोड चालतो पण का चालतो ते कळत नसेल, तर पुस्तक.