सिंगल साइन-ऑन आठ महिने वापरून: आत घेणं सोपं, बाहेर काढणं अवघड

आमच्या ग्रुपच्या चार साइट आहेत. विकी, फाइली ठेवायची साइट, कोर्सची साइट आणि एक छोटं कॅलेंडर. चारही ठिकाणी वेगळा पासवर्ड, त्यामुळे ॲडमिन म्हणून माझं निम्मं काम "पासवर्ड विसरलो" ला उत्तर देणं. शेवटी वैतागून सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिनने अनेक साइट उघडायची सोय, करायचं ठरवलं आणि त्यासाठी कीक्लोक नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि २०१४ पासून चालू आहे, म्हणजे उद्या गुंडाळतील अशी धास्ती नाही.

चांगलं आधी सांगतो. एकदा लॉगिन केलं की बाकीच्या साइट न विचारता उघडतात आणि टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर आणखी एक पडताळणी) एकाच जागी लावलं की सगळीकडे लागतं. विकीकडे आता कुणाचा पासवर्डच नाही, ती फक्त विचारते हा कोण, आणि कीक्लोक सही केलेलं टोकन, म्हणजे ओळखीची डिजिटल चिठ्ठी, देतं. फक्त डिफॉल्टला अर्धा तास काही केलं नाही की सेशन संपतं, त्यावरून पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सदस्यांचा मेसेज आला, "अहो, चहा पिऊन आलो तर परत दाराबाहेर!" ते लगेच वाढवलं.

सेटअपमध्ये माझे दोन रविवार दोन स्लॅशनी खाल्ले. पहिला रिडायरेक्टच्या पत्त्यात, म्हणजे लॉगिन झाल्यावर कीक्लोक माणसाला साइटच्या ज्या पत्त्यावर परत पाठवतं त्यात. साइट पाठवत होती शेवटी स्लॅश लावून आणि मी नोंदवला होता बिनस्लॅशचा, की आलाच "इनव्हॅलिड पॅरामीटर". ही कटकट मुद्दाम आहे म्हणा, पत्ता तंतोतंत जुळतो का हे तपासलं नाही तर लॉगिनचा कोड भलत्याच साइटवर जाऊ शकतो, पण रात्री साडेअकराला हे कोणाला पटतं. दुसरा स्लॅश ग्रुपच्या नावात. मी ग्रुप केला "संपादक", टोकनमध्ये जात होतं "/संपादक", कारण फुल ग्रुप पाथ हा पर्याय आधीपासून चालूच असतो. लॉगिन होतंय, नाव दिसतंय, पण एडिटचं बटण काही येत नाही, आणि मी उगाच विकीच्या परवानग्या उलट्यासुलट्या करत बसलो.

जुनी खाती जोडताना मी ईमेलवरून जोडली, ही माझी घोडचूक. दोघांनी नंतर ईमेल बदलला आणि त्यांची नवी कोरी रिकामी खाती तयार झाली, जुन्या फाइली भलत्याच खात्यात. टोकनमध्ये सब नावाचा न बदलणारा आयडी असतो, त्यावरच जोडा, ईमेलच्या भानगडीत पडू नका.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी लिहायला बसलो. एक जण ग्रुप सोडून गेला. मी कीक्लोकमध्ये खातं डिसेबल केलं, हात झटकले, झालं काम. तीन दिवसांनी विकीच्या अलीकडच्या बदलांत त्याचंच नाव! काही वाईट केलं नव्हतं बिचाऱ्याने, एक वेलांटी दुरुस्त केली होती. पण मला घाम फुटला, कारण त्याला अजून एडिट करता येत होतं. झालं असं होतं की कीक्लोकचं ॲक्सेस टोकन डिफॉल्टला पाचच मिनिटं टिकतं, पण विकी एकदा आत घेतल्यावर स्वतःची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली लॉगिनची खूण) देते आणि ती आमच्याकडे महिनाभर चालत होती, तोवर विकी परत कीक्लोकला विचारायलाच जात नाही. तसंच ग्रुपचं. कुणाला "संपादक" मधून काढलं तरी ते पुढच्या लॉगिनलाच कळतं.

यावर बॅक-चॅनल लॉगआउट नावाचा उपाय आहे, ज्यात कीक्लोक स्वतः साइटला कळवतं की याला बाहेर काढ. पण समोरच्या साइटला ते ऐकता आलं पाहिजे. आमच्या दोन साइटला येतं, विकीला नाही. म्हणून विकीची कुकी एका दिवसावर आणली आणि कोणी गेलं की तिथलं सेशन हाताने उडवतो. शिवाय फाइलींच्या साइटवर त्याने बनवलेल्या पब्लिक लिंक आणि मोबाइल ॲपसाठी काढलेले वेगळे पासवर्ड, यांना तर सिंगल साइन-ऑनचा पत्ताच नसतो, तेही शोधून बंद करावे लागतात.

मध्ये एकदा लॉगच्या (नोंदींच्या) फाइलींनी सर्व्हरची डिस्क भरली, कीक्लोक आडवं झालं आणि त्याला जोडलेल्या सगळ्या साइटना एकदम कुलूप. तेव्हापासून प्रत्येक साइटवर एक लोकल ॲडमिन खातं ठेवलंय, पासवर्ड कागदावर, दोघांकडे.

दोनच साइट असत्या तर एवढा पसारा मांडला नसता, पण आमच्यासारखी माणसं सतत येत-जात असतील तर परत हेच टाकेन. कॅलेंडरला मात्र ओपनआयडी, म्हणजे कीक्लोकशी बोलायची पद्धत, येतच नाही, ते अजून जुन्याच पासवर्डवर आहे, आणि "विसरलो" चे जे काही मेसेज अजून येतात ते सगळे त्याचेच.