जोतं उंच करावं की घर खांबांवर?

गोव्यात पेडण्याला शापोरा नदीकाठी घर बांधणाऱ्या मावसभावाचा प्रश्न: भराव घालून चिऱ्याचं जोतं चढवू, की खाली मोकळं सोडून खांबांवर उभारू?

आधी उंची. दोन्हीकडे हिशेब एकच: जुन्या पुराची खूण, वर मोठ्या भरतीचं पाणी, वर पुढची वाढ. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) 2021 च्या अहवालात 2100 पर्यंत समुद्रपातळी 1995-2014 च्या तुलनेत, उत्सर्जनानुसार, साधारण 0.28 ते 1.01 मीटर वाढण्याचा अंदाज आहे. दोन-चार पायऱ्या वाढवल्या की झालं, हे कंत्राटदाराचं बोलणं सोडून द्या.

खर्चात भराव बरा, गवंडी गावातच मिळतो. पण अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. खाजन जमिनीत (बांध घालून खारं पाणी अडवलेल्या नदीकाठच्या सखल जमिनीत) तर नकोच. तिथं बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारं) पाण्याचा तोल सांभाळतात, भराव तो बिघडवतो. शिवाय उंची पुढं वाढवता येत नाही.

खांबांखालून पाणी निघून जातं. धोका लोखंडाच्या गंजाचा. आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे तीव्र परिस्थितीत, म्हणजे किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत, किमान एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर आवरण लागतं, तिथं काटकसर नको. खालची जागा नंतर भिंती घालून खोली केली, तर सगळा खटाटोप वाया. (हे होतंच.)

पाणी क्वचित घोटाभर येत असेल, घरात म्हातारी माणसं असतील, तर जोतं. पाणी दरवर्षी येत असेल तर खांब. सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी दोन्हीला आधी तपासा.