फाउंड्रीसाठी रबरी हाफ मास्क: धुळीला उत्तम, वायूला निरुपयोगी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे फोडताना आणि फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ) करताना सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या खनिजाची, धूळ उडते. तिच्यासाठी पी३ (बारीक कण अडवण्यात सर्वात वरच्या दर्जाच्या) फिल्टरचा हा मास्क घ्यावाच. फडक्यातून बारीक कण थेट फुप्फुसात जातात आणि त्यातून होणारा फुप्फुसांचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. पट्टे मजबूत आहेत. दाढीचे खुंट असले तर कडेने हवा शिरते, म्हणून दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाकून श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नका, फाटतो. श्वास जड जाऊ लागला की बदला.

मोठी उणीव: १९५२ च्या लंडनच्या धुरक्यात काजळीसोबत सल्फर डायऑक्साइडही होता, असा वायू हा फिल्टर अडवत नाही. लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीजवळच्या कार्बन मोनॉक्साइडसाठी एक्झॉस्ट पंखा आणि अलार्मच लागतो.