वाइन कूलर: थर्मोइलेक्ट्रिक की कॉम्प्रेसरचा?

वाइन साठवायला 12-13 अंश सेल्सिअस, अंधार, आडवी बाटली, हवेत थोडा ओलावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नेहमीचा फ्रिज चार-आठ दिवसांपुरता चालून जातो. महिनोन्महिने ठेवायला तो फारच थंड, आणि आतली कोरडी हवा बूच सुकवते. तेव्हा वाइन कूलर, म्हणजे खास वाइनसाठीचा फ्रिज, घ्यायचं नक्की झालंय, घोडं अडलंय ते थर्मोइलेक्ट्रिक की कॉम्प्रेसरचा यावर, असं धरून लिहितो. मी दोन्ही वापरलेत.

कागदावर थर्मोइलेक्ट्रिकच सरस दिसतो. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1834 मध्ये दाखवलेल्या परिणामावर तो चालतो: दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार होते, दुसरी गरम. हलणारा भाग म्हणजे फक्त पंखा. थरथर जवळपास नाहीच, त्यामुळे जुन्या रेड वाइनच्या तळाशी बसलेला गाळ जागचा हलत नाही. वजनालाही हलका.

पण त्याची सगळी भिस्त खोलीवर. खोलीपेक्षा साधारण 10 ते 15 अंश खाली, एवढीच त्याची धाव. खोली 24 अंशांवर असेल तर 12 मिळतात. दुपारी ती 35 वर गेली की आत 20 ते 25, मग तुम्ही बटण 12 वर ठेवा नाहीतर 8 वर. रात्री पारा पुन्हा खाली.

हा चढउतारच मला खटकत राहिला. कायम 16 अंश असतील तर वाइनचं फारसं बिघडत नाही. रोजचं वरखाली तिला जास्त बाधतं. वाइन तापली की फुगते आणि बूच रेटते, गार झाली की आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. एका उन्हाळ्यानंतर वरच्या फळीवरची बाटली काढली आणि गळ्याचं वेष्टण बोटांनी फिरवून पाहिलं. त्या बाटल्यांचं ते एरवी सैल फिरायचं. हे मात्र चिकटून बसलेलं. कापलं तर बुचाच्या कडेला जांभळा, चिकट ओघळ. आणि चवीत फळाचा ताजेपणा जाऊन शिजवल्यासारखा वास. आता एका बाटलीवरून यंत्राला बोल लावू नये, बूचच सदोष असू शकतं. पण त्यानंतर दुपारी कूलरसमोरून जाताना आकडा बघायची सवयच लागली. काळजी मिटावी म्हणून आणलेल्या वस्तूवर मलाच पहारा द्यावा लागत होता.

बरं, शांत म्हणून घ्यावा, तर ऐन उन्हाळ्यात पंखा थांबायचं नाव घेत नाही. ठरवलेला आकडा गाठलाच जात नाही, मग थांबणार कधी?

कॉम्प्रेसरचा कूलर आवाज करतो, नाकारत नाही. सुरू होताना घर्र, बंद होताना टक्क. झोपायच्या खोलीत मी तरी ठेवणार नाही. कडेला हात लावला तर बारीक थरथर जाणवते. पण दोन-चार वर्षांत संपवायच्या वाइनमध्ये त्याचा फरक मला कधी कळला नाही. पडद्यावरचा आकडा एक-दोन अंश हलतो तेव्हा दचकू नका. तो बहुधा हवेचा असतो; बाटलीतली 750 मिली वाइन इतक्या लवकर तापत नाही की निवत नाही. बाहेर कितीही ऊन असो, आत 13 म्हणजे 13च्या आसपास. आकडा बघायची माझी सवय सुटली.

तरीही खोली वर्षभर 25 अंशांच्या आत राहत असेल, बाटल्या मोजक्याच असतील आणि त्याही काही महिन्यांत संपणार असतील, तर थर्मोइलेक्ट्रिक घ्यायला हरकत नाही. काही कूलरमध्ये रेड आणि पांढऱ्या वाइनसाठी वेगवेगळ्या तापमानांचे दोन कप्पे असतात; मला तरी ते लागत नाहीत. पांढरी वाइन पिण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की काम भागतं.

कुठलाही घेतलात तरी दोन गोष्टी बघा. गरम हवा मागून बाहेर पडत असेल तर तो कपाटात कोंबू नका, त्यासाठी समोरून हवा सोडणारा घ्या. आणि बाटल्यांची जी संख्या छापलेली असते ती सहसा बोर्दो या फ्रेंच वाइनच्या सरळ, सडपातळ बाटल्यांची असते. बरगंडीच्या आणि शॅम्पेनच्या पोटाड्या बाटल्या असतील तर बऱ्याच कमी मावतात, म्हणून एक आकार मोठाच घ्या.