हॉलमार्क की नेटफ्लिक्स? हिवाळी प्रेमकथा बघायला बसण्याआधी

बाहेर बर्फ पडतंय, लाकडी लॉजमध्ये शेकोटी पेटलीय, दोघांच्या अंगात जाड विणीचे स्वेटर आहेत आणि आता काय होणार हे तुम्हाला, मला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकी टीव्हीसाठी बनणाऱ्या या हिवाळी प्रेमकथा कुणी उत्कंठेपोटी बघत नाही. थंडीच्या दिवसांत डोक्याला ताप न देणारं दीड तासाचं काहीतरी हवं असतं, एवढंच. ते एकदा मान्य केलं की व्यवहाराचा प्रश्न उरतो. हॉलमार्क या अमेरिकी चॅनेलचे पैसे भरावेत, की घरात आधीच असलेल्या नेटफ्लिक्सवर भागवावं?

वरवर पाहता दोन्हीकडचं पीठ एकाच गिरणीतलं वाटतं, आणि काही अंशी ते आहेही. नेटफ्लिक्सचा २०१७ मधला गाजलेला ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ ज्यांच्या कंपनीने काढला, ते निर्माते ब्रॅड क्रेव्हॉय हॉलमार्कसाठीही वर्षानुवर्षं काम करत आलेत. लेसी शॅबेर ही तर हॉलमार्कची हुकमी नायिका, पण २०२४ मध्ये तीच नेटफ्लिक्सच्या ‘हॉट फ्रॉस्टी’त दिसली. तरीही बघण्याचा अनुभव दोन्हीकडे वेगळा आहे, आणि तो फरक पडतो जाहिरातींमुळे.

हॉलमार्क चॅनेलवर अशा चित्रपटाला दोन तास मिळतात. त्यात चित्रपट असतो साधारण ८४ मिनिटांचा, बाकी सगळ्या जाहिराती. त्यामुळे पटकथाच मुळात नऊ अंकांत लिहितात. प्रत्येक अंकाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवणारं लागतं, नाहीतर प्रेक्षक रिमोट उचलणार. ते काही फार भयंकर नसतं. बेकरीचं भाडं थकलंय, शहरातून बॉसचा फोन आलाय, वादळाने रस्ता बंद झालाय, किंवा शाळेतला जुना मित्र दारात उभा आहे. जाहिराती संपल्या की नायिकेची बहीण झालं गेलं सगळं दोन वाक्यांत पुन्हा सांगून टाकते: “म्हणजे शनिवारपर्यंत तुला लॉज विकायचं की नाही ते ठरवायचंय!” टक लावून बघणाऱ्याच्या हे डोक्यात जातं. पण तुम्ही पोळ्या लाटत असाल, कपड्यांच्या घड्या घालत असाल, किंवा मध्येच उठून पुण्याहून आलेला आईचा व्हिडिओ कॉल घेतला असेल, तरी परत आल्यावर काहीच चुकलेलं नसतं. हॉलमार्कचा चित्रपट अर्धं लक्ष गृहीत धरूनच लिहिलेला असतो आणि माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

मधल्या चुंबनाचं उदाहरण घ्या. अर्धा चित्रपट उलटून गेल्यावर दोघं जवळ येतात, तिच्या केसांवर बर्फाचा कण पडतो, तो काढायला याचा हात पुढे होतो, पार्श्वसंगीत हळू होतं, आणि तेवढ्यात छोटी पुतणी दार ढकलून विचारते, “मार्शमेलो कुठे ठेवलेत?” लागल्या जाहिराती. पुढे शेवटाला वीसेक मिनिटं उरली की तो तिचा फोन अर्धवट ऐकणार, ही न्यूयॉर्कच्या नोकरीला हो म्हणाली असं धरून चालणार आणि तोंड फिरवून निघून जाणार. सरळ विचारलं असतं तर चित्रपट तिथेच संपला असता. खरं चुंबन अगदी शेवटी, बहुतेक वेळा गावभर टाळ्या वाजत असताना.

ही शिस्त काही आजची नाही. हॉलमार्क ही मूळची ग्रीटिंग कार्डांची कंपनी, १९१० मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झालेली. १९५१ च्या २४ डिसेंबरला एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर टीव्हीसाठी खास रचलेला एक ऑपेरा दाखवला गेला, त्याची प्रायोजक हॉलमार्कच होती. आताचं चॅनेल २००१ चं, आणि ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ हा हंगाम २००९ पासूनचा. तो हल्ली ऑक्टोबरातच, हॅलोविनचे भोपळे दारात असतानाच सुरू होतो. म्हणजे एखाद्या वर्षी आपला दिवाळीचा फराळही डब्यात असतो. २०२० च्या एका हंगामात त्यांनी ४० नवे चित्रपट दिले. एवढ्या संख्येत सगळेच चांगले निघणार नाहीत हे उघड आहे. निम्मे तर एकमेकांत मिसळून जातात.

खर्चाचा हात आखडता असतो आणि तो पडद्यावर दिसतो. चित्रीकरण जेमतेम दोन-तीन आठवड्यांत उरकतात, तेही बहुतेक वेळा कॅनडात. व्हँकुव्हरजवळचं फोर्ट लँग्ली हे गाव इतक्या चित्रपटांत झळकलंय, की पाच-सहा पाहिल्यावर तिथला चौक ओळखीचा वाटायला लागतो. पुष्कळदा हे काम उन्हाळ्यात चालतं. जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरतात, फेस आणि कागदाचा बर्फ उडवतात आणि कलाकार बिचारे लोकरी कोटात घामाघूम होतात. एकदा ठाऊक झालं की मग नजर तिकडेच जाते: बोलताना तोंडातून वाफ येत नाही, मागच्या झाडाला हिरवीगार पानं आहेत आणि हातातला कोकोचा कागदी पेला ती अशी हलवते की तो रिकामा आहे हे पोरालाही कळावं. मला यात मजा वाटते. तुम्हाला चीड येणार असेल, तर डिसेंबरचे सोडा आणि जानेवारीचे बघा.

हॉलमार्कच्या या दुसऱ्या हंगामाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नाताळ संपल्यावर जानेवारीत बर्फावरच्या, स्कीइंगच्या, डोंगरातल्या लॉजच्या प्रेमकथा येतात. सांता नाही, दर दहा मिनिटांनी झाड सजवणं नाही, “नाताळची भावना हरवलीय” अशी रडगाणी नाहीत. ज्यांच्या बालपणात नाताळ म्हणजे शाळेची सुट्टी आणि बेकरीतला प्लम केक एवढाच होता, अशा आपल्यासारख्यांना हे चित्रपट जास्त जवळचे वाटतात, कारण गोष्टीत शिरायला बाहेरच्या सणाची आठवण उसनी घ्यावी लागत नाही. एकच सुचवायचा तर २०१९ चा ‘विंटर कॅसल’. बहिणीच्या लग्नाला बर्फाच्या हॉटेलात गेलेल्या मुलीची गोष्ट आहे आणि हे हॉटेल खरं आहे. क्युबेक शहराजवळ ते दर हिवाळ्यात नव्याने बांधतात आणि वसंतात ते वितळून जातं. भिंती, पलंग, सगळं बर्फाचं. कथा नेहमीचीच, पण कापसाच्या गोधड्यांनंतर हा खरा बर्फ डोळ्यांना फार बरा वाटतो.

आता नेटफ्लिक्स. इथल्या पटकथेला जाहिरातीच्या थांब्यांशी जुळवून घ्यायची गरज नसते, त्यामुळे गोष्ट सरळ पळते आणि कल्पना जास्त धीट असतात. राजवाडे, तोतया राजकन्या, काळाच्या पलीकडून आलेले सरदार, काहीही. ‘अ ख्रिसमस प्रिन्स’मधला राजवाडा म्हणजे रुमानियातला सिनाया गावचा पेलेश किल्ला. फोर्ट लँग्लीच्या चौकापुढे त्याचा थाट निराळाच. २०२२ चा लिंडसी लोहानचा ‘फॉलिंग फॉर ख्रिसमस’ अमेरिकेतल्या युटा राज्यात चित्रित झालाय. लाडावलेली श्रीमंत मुलगी स्कीइंग करताना पडते आणि तिची स्मृती जाते. आपल्या मालिकांवर वाढलेल्या माणसाला इथे एकदम माहेरी आल्यासारखं होईल. ‘हॉट फ्रॉस्टी’त तर गळ्यात स्कार्फ घातला म्हणून बर्फाचा पुतळा जिवंत होतो आणि विधवा नायिकेच्या घरी राहायला येतो.

पण नेटफ्लिक्स या सगळ्याकडे जरा डोळा मारूनच बघतं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच ट्विट केलं होतं, की ५३ माणसांनी ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ सलग १८ दिवस रोज पाहिलाय, आणि वर विचारलं होतं, तुम्हाला कुणी एवढं दुखावलंय? प्रेक्षकांवर पाळत ठेवता का म्हणून त्यावर टीकाही झाली. त्या ट्विटमधला खट्याळपणा चित्रपटांतही आहे. मैत्रिणी जमवून, मोठ्याने टोमणे मारत बघायला हे फार छान. एकट्याने, थकून आल्यावर, मनापासून रमायचं असेल तर तो खट्याळपणा मध्ये येतो. हॉलमार्क स्वतःच्या गोष्टीला कधीच हसत नाही.

घरात कोण आहे यावरही निवड ठरते. न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत मुलांकडे आलेले आईबाबा, बाहेर उणे दहा, दुपारी साडेचारलाच अंधार: अशा घरात हॉलमार्क बिनघोर लावून ठेवता येतं. शिवी नाही, अंथरूण नाही, रक्त नाही. इंग्रजी सोपं आणि संथ. शिवाय आईवडिलांनी हौसेने जमवलेल्या लग्नाच्या गोष्टी आपल्या ज्येष्ठांना समजावून सांगाव्या लागत नाहीत. “पोरगा चांगला आहे, हिला कळत कसं नाही?” हे ऐकू आलं की ओळखा, आता रिमोट तुमच्या हाती परत येत नाही. नेटफ्लिक्सचेही चित्रपट सौम्यच असतात, पण ‘हॉट फ्रॉस्टी’चा नायक बराच वेळ उघड्या अंगाने वावरतो आणि गावातल्या बायका त्यावर चावट बोलतात. सासूबाई शेजारी असतील तर कल्पना असलेली बरी. ग्रेट अमेरिकन फॅमिली हे तिसरं चॅनेलही आहे. हॉलमार्कचे माजी प्रमुख बिल ॲबट यांनी ते उभं केलं. तिथे धर्माचा सूर जास्त लागतो. चर्चच्या प्रसंगांत तुम्ही रमत नसाल, तर तिकडे न वळलेलं बरं.

हॉलमार्कच्याही एका उणिवेबद्दल बोललं पाहिजे. वर्षानुवर्षं त्यांचे नायक-नायिका जवळपास सगळे गोरे असत, आणि समलिंगी जोडप्याला ठळक स्थान मिळायला २०२० उजाडावं लागलं. आता चित्र बदललंय, पण जुने चित्रपट लावलेत तर ती जुनी अमेरिका दिसणारच. 

पैशांचा हिशोब सोपा आहे. हॉलमार्क प्लस ही त्यांची स्ट्रीमिंग सेवा २०२४ च्या सप्टेंबरात आली तेव्हा महिन्याला ७.९९ डॉलर होती. केबल असेल तर चॅनेल बहुधा त्यातच मिळतं. भारतात असाल तर डोकं खपवू नका, नेटफ्लिक्सच बघा. अमेरिकेत असाल, तर वर्षभराचं हॉलमार्क घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबरच्या मध्यावर घ्या, नाताळातले दोन-तीन चाखा, जानेवारीचे सावकाश बघा आणि महिनाअखेरीला रद्द करून टाका. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनचे सुरू होतात, ते मात्र मला सोसत नाहीत.